गाडी पाणी खातीया, पण सांडत कुठंच नाही: जुन्या इंजिनाची चिवट कूलंट गळती

जुनी गाडी घेऊन कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, म्हणजे गॅरेज-कारखान्यांच्या भागात, शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मालक, पाणी किती खातीया?’ आणि बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं: ‘अधूनमधून टाकतोय थोडं.’ सगळी गोम या ‘थोडं’मध्ये आहे. आठवड्याला कपभर की पन्हाळ्याला जाऊन आल्यावर लिटरभर? उभ्या गाडीत कमी होतं की चढाला? हे माहीत नसताना काम सुरू होतं. आधी होज (पाण्याच्या रबरी नळ्या) बदलले जातात, मग वॉटर पंप, मग रेडिएटर, आणि कंटाळून शेवटी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं जातं. खिसा रिकामा होतो आणि पाणी आपलं जातच राहतं.

माझं मत असं की चिवट गळतीपैकी बऱ्याचशा गळत्या दुरुस्तीला अवघड नसतात, त्यांची जागा सापडत नाही एवढंच. आणि जागा सापडूनही जी गळती पुन्हा पुन्हा तोंड वर काढते, तिथं जोडाचा फेस, म्हणजे एकमेकांना टेकणारा सपाट पृष्ठभाग, खराब असतो. त्यावर कितीही महागडं सीलंट थापलं तरी उपयोग होत नाही. म्हणून पाना नंतर, शोध आधी.

इथं डोळ्यांसमोर आहेत त्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या आणि त्याहून जुन्या गाड्या: डिझेल जीप, सीटखाली इंजिन असलेल्या पेट्रोल व्हॅन, जुन्या सेदान. रेडिएटरवर प्रेशर कॅप, पट्ट्यावर फिरणारा पंप आणि साधा थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) असलेली कुठलीही गाडी यात बसेल. आवळण्याचे आणि हेडचे नेमके आकडे मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच धरा.

कॅप गरम असताना उघडायची नाही

हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथं उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या जवळपास उकळतं. रेडिएटरवर 0.9 किलो दाबाची (दर चौरस सेंटिमीटरला) कॅप बंद असली की तेच पाणी 115 अंशांच्या पुढं गेल्याशिवाय उकळत नाही. म्हणजे इंजिनात 105 अंशांचं पाणी शांत बसलेलं असू शकतं, आणि कॅप सैल झाली की त्याच क्षणी त्याची वाफ होऊन अंगावर येते. ओलं फडकं वगैरे घेऊन धाडस करू नका. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत थांबायचं.

दुसरं म्हणजे, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात तो द्रव, चवीला गोड असतं आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात अंगणात ठेवलं तर गल्लीतलं कुत्रं ते चाटतं आणि मरतं. झाकणाच्या कॅनमध्येच काढून घ्या.

पहिलं काम: मोजमाप

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना, गाडी सपाट जागी उभी करून, ओव्हरफ्लो बाटलीवर मार्करनं रेघ मारा. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला आहे ना तेही पाहा, कारण कॅप खराब असली की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. मग रोज त्याच वेळी, त्याच जागी पातळी बघायची आणि किलोमीटरसकट लिहून ठेवायची. आठवडाभरात चित्र उमटतं.

गाडी नुसती उभी असतानाही पातळी उतरत असेल तर गळती बाहेरची आणि बहुधा गारठ्यातली आहे. रबर आणि धातू आकसतात, क्लिप सैल पडते, पहाटे चार थेंब पडतात आणि इंजिन तापलं की तीच जागा आपोआप बंद होते. दुपारी गॅरेजला नेलं की अर्थातच काही सापडत नाही. फक्त चालवल्यावर कमी होत असेल तर दाबाखाली उघडणारी जागा शोधायची. आणि शहरात महिनाभर काही होत नाही, पण कोकणातून परत येताना करूळचा किंवा आंब्याचा घाट चढला की अर्धा लिटर गायब, असं असेल तर कॅप, रेडिएटर आणि हेडचं पॅकिंग (हेडच्या जोडात बसणारा पातळ सील) हे तीन संशयित पुढं येतात.

या काळात रेडिएटरमध्ये हळद टाकू नका. हा आपल्याकडचा जुना उपाय. रात्री घाटात अडकल्यावर त्यानं गाडी घरी पोचते हेही खरं. पण हळद किंवा बाजारातली ‘लीक स्टॉप’ पावडर गळतीचं भोक ओळखून तिथंच बसत नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या जाळीतही बसते. कुणी आधीच टाकली असेल तर शोध सुरू करण्यापूर्वी सिस्टिम धुऊन घ्या.

धुणं आधीच का? कारण जुन्या इंजिनात गंजाचा आणि क्षाराचा थर स्वतःच कित्येक भोकं बुजवून बसलेला असतो. दुरुस्ती झाल्यावर धुतलं तर तो थर निघतो आणि नवीन जागी गळती सुरू होते. आधी धुतलं तर जे उघडं पडायचं ते एकदाच पडतं. थर्मोस्टॅट काढून, खालचा होज सोडून, बागेच्या पाईपनं उलट दिशेनं साधं पाणी सोडा आणि नितळ येईपर्यंत चालू ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरणारे लोक आहेत. अ‍ॅल्युमिनियमचं हेड किंवा पंप असेल तर ते धातूच खातं.

कॅप

सगळ्यात स्वस्त भाग, म्हणून सगळ्यात शेवटी बदलला जातो. कॅपमध्ये दोन झडपा असतात. मोठी झडप ठरावीक दाबापर्यंत पाणी अडवते; मधली छोटी झडप इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढू देते. मोठीचं रबर चिरलं असेल तर पाणी बाटलीतून उतू जातं. छोटी अडकली असेल तर गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसतो. कॅपवर आकडा छापलेला असतो, 0.9 किंवा 1.1 असा. ‘जास्त दाबाची बरी’ म्हणून 0.9 च्या गाडीला 1.1 ची कॅप लावलेली दिसली तर ती आजच काढा. जुन्या रेडिएटरचे सांधे तेवढ्या दाबासाठी केलेलेच नसतात.

दाब देऊन शोध

हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि हाच टप्पा गॅरेजमध्ये बहुतेक वेळा गाळला जातो.

इंजिन आधी वरून खाली धुऊन वाळवा. चिकट काळ्या थरावर कूलंटचा ओघळ दिसत नाही. अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. धुतल्यावर गाडी चालवून इंजिन वाळवायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं.

प्रेशर टेस्टर म्हणजे हातपंप, घड्याळ आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारं टोपण. चांगल्या गॅरेजकडं असतो, मागितला तर मिळतो. नसेल तर जुन्या कॅपमधली झडप काढून मधोमध ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवून घ्यायचा. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला हे पाच मिनिटांचं काम. त्याला घड्याळ असलेला सायकलचा पंप लावायचा. ओव्हरफ्लोची नळी चिमट्यानं दाबून बंद करायची, नाहीतर हवा तिथूनच जाईल. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र लावू नका. एका फटक्यात दाब वाढतो आणि रेडिएटरची टाकी उघडते.

रेडिएटर काठोकाठ भरा आणि कॅपवरच्या आकड्याइतका दाब द्या, त्याच्यापुढं नाही. काटा पाच मिनिटांत खाली आला तर मोठी गळती आहे, ती दिसेलच. खरी कसोटी हळू उतरणाऱ्या काट्याची. अर्धा तास थांबा, टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांकडं असतो तसला छोटा आरसा घ्या आणि सावकाश फिरा. नियम एकच: ओली दिसणारी सगळ्यात वरची जागा शोधा. पाणी खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत पंख्याच्या वाऱ्यानं मागं उडतं, त्यामुळं थेंब जिथं पडतो ती जागा जवळपास कधीच खरी नसते. वाळलेले पांढरे, हिरवट किंवा तांबूस खपले दिसले की तिथं बोट फिरवा. जुना खपला कोरडा भुरभुरतो, चालू गळतीचा चिकट लागतो.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथं नुसता वाळका डाग असेल तर चालतं. दाबाखाली थेंब धरला तर पंप गेला. ते भोक एम-सीलनं बुजवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पाणी मग बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग जाम होतं, आणि पट्टा तुटतो तो नेमका घाटात.

थर्मोस्टॅटचा एल्बो, म्हणजे हेडमधून वरचा होज जिथं निघतो तो अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, हा जुन्या गाड्यांतला मोठा गुन्हेगार. त्यावर पुढं सविस्तर.

ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, बाजूला गोल वाट्या ठोकलेल्या दिसतात. त्यांना गॅरेजमध्ये डमी म्हणतात. ओतकामात आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोकं त्यांनी बंद केलेली असतात. पत्र्याची डमी आतून गंजत जाते आणि एक दिवस टाचणीएवढं भोक पडतं. काही डम्या सहज दिसतात. काही एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळाच्या) मागं, तर काही थेट गिअरबॉक्सच्या बेल हाऊसिंगमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या त्याच्या घंटेसारख्या कवचात, असतात.

आमच्या गल्लीतल्या एका जुन्या डिझेल जीपचं कोडं या मॅनिफोल्डमागच्या डमीनंच घातलं होतं. खाली थेंब नाही, धूर साफ, ऑइल साफ, तरी पाणी जात होतं. गळणारा थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून चर्रकन वाफ होऊन जायचा. जमिनीपर्यंत पोचायचाच नाही. गार इंजिनाला दाब देऊन आरसा मागं घातला तेव्हा डमीच्या कडेला मोहरीएवढा हिरवा थेंब फुगताना दिसला, ओघळला, आणि पुन्हा दुसरा फुगायला लागला. त्या आधी त्या जीपचं हेड उतरवायचं पक्कं झालं होतं.

आणखी दोन जागा. एक, हीटर. कोल्हापुरात हीटर लावायची वेळ कितीदा येते? त्यामुळं तो विसरला जातो, पण त्याच्या जाळीतून पाणी फिरतच असतं. पुढच्या सीटसमोरची मॅट खालून ओली, काचेवर आतून चिकट धुकं आणि गोडसर वास, ही त्याची खूण. नवी जाळी मिळेपर्यंत इंजिनकडचे दोन्ही हीटर होज एकाच पाईपच्या तुकड्यानं जोडून हीटर बाजूला काढता येतो. दोन, बेल हाऊसिंगच्या तळाचं भोक. तिथून ऑइलऐवजी कूलंट ठिबकत असेल तर डमी मागची आहे आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मनाची तयारी ठेवा.

बाहेर काहीच नाही, तर आत

दाब उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं, म्हणजे पाणी इंजिनाच्या आत जातंय. ऑइलची पट्टी काढून बघा. दुधाळ, चहासारखं ऑइल दिसलं तर गाडी चालू करू नका. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा फेस असेल तर मात्र घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत तो ओलाव्यानंही येतो.

पुढची चाचणी बुडबुड्यांची. गार इंजिन, पंपाचा पट्टा काढलेला, रेडिएटर काठोकाठ. गाडी चालू करून मिनिटभरच चालवा आणि तोंडाकडं पाहा. पंप बंद आहे, पाणी तापलेलं नाही, तरीही बुडबुड्यांची माळ लागली तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं ही त्याचीच दुसरी खूण. निळ्या द्रवाची नळीही मिळते. रेडिएटरमधली हवा तिच्यातून ओढली आणि त्यात कार्बन डायऑक्साइड असला की द्रव पिवळा पडतो. डिझेल इंजिनात, विशेषतः लोड नसताना, हा वायू विरळ असतो, त्यामुळं ‘रंग बदलला नाही’ एवढ्यावर डिझेलचं हेड निर्दोष ठरवू नका.

खात्री करायची असेल तर रात्री दाब देऊन ठेवा. सकाळी सगळे स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढा, आपलं तोंड बाजूला ठेवा आणि स्टार्टर मारा. ज्या सिलिंडरमधून पाण्याचा फवारा येतो तो सापडला. प्लग न काढता स्टार्टर मारायचा मोह टाळा. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

एल्बो पुन्हा पुन्हा का गळतो

आता दुरुस्ती. जो जोड वारंवार पॅकिंग बदलूनही गळतो, त्याची कहाणी बहुधा अशी असते: आधीच्या कुणीतरी जुनं पॅकिंग पेचकसानं खरवडलं, फेसला ओरखडे पडले, मग जाड सिलिकॉन थापलं, बोल्ट जोर लावून आवळले, त्यानं एल्बोचे कान वाकले. आता दोन कान टेकतात आणि मध्ये फट राहते.

पाणी काढा. रेडिएटरच्या तळाची पितळी तोटी जुन्या गाडीत अडकलेली असेल तर तिच्याशी कुस्ती करू नका. खालचा होज सोडा. एल्बोचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारा, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीनं हलके ठोके द्या, मग आधी किंचित आवळायच्या दिशेनं आणि मग सोडायच्या दिशेनं असा मागंपुढं खेळवत काढा. एकदम जोर लावला तर बोल्ट हेडमध्ये तुटतो आणि तासाभराच्या कामाचे दोन दिवस होतात.

एल्बो हातात आला की जाड काच घ्या. तिच्यावर 220 चा पॉलिश पेपर रॉकेल किंवा डिझेलनं ओला करून चिकटवा आणि एल्बोचा फेस त्यावर इंग्रजी आठच्या आकारात, हलक्या सारख्या दाबानं फिरवा. दहा-बारा फेऱ्यांनी उचलून बघा. जिथं चमकलं ते उंच, जिथं काळं राहिलं ते खोल. हा फेस एकदा असा पाहिला की गळती कुठून होती हे वेगळं सांगावं लागत नाही. सगळीकडं एकसारखी चमक येईपर्यंत घासा, शेवटी 400 चा पेपर. खड्डे जास्तच खोल असतील तर उद्यमनगरात फेस मारून घ्या. कोल्हापूरचे जुने नामवंत कारागीर म्हादबा मेस्त्री यांचा वारसा सांगणाऱ्या या भागात मिलिंग आणि सरफेस ग्राइंडिंगवाल्यांची कमी नाही. धातू इतका खाल्ला गेला असेल की होजच्या तोंडाची कडाच उरली नाही, तर नवा एल्बो घ्या. त्याला वेल्डिंग करून घेणं बहुतेक वेळा फुकटचा उद्योग ठरतो.

हेडकडचा फेस जागेवरच साफ करायचा. आतल्या भोकात फडक्याचा बोळा घालून, पितळी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं जुनं पॅकिंग काढा. अँगल ग्राइंडरवरची जाळीची चकती नको. अ‍ॅल्युमिनियमला ती न कळत खड्डे पाडते आणि तिची भुकटी इंजिनात जाते. सरळपट्टी ठेवून 0.05 मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खालून जाते का बघा. जात नसेल तर फेस झकास आहे.

नवं पॅकिंग बाजारात मिळालं तर उत्तम. नाहीतर पॅकिंग पेपर फेसवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोकत गेलं की पेपर आपोआप कापला जातो. जुने मेस्त्री असंच करतात आणि माप चुकत नाही. सीलंट लावायचंच असेल तर दोन्ही बाजूंना बोटानं पुसल्यासारखा पातळ थर. बाहेर जेवढं पिळून येतं तेवढंच आतही येतं, आणि आतली ती शेवयांसारखी रबराची दोरी सुटून रेडिएटरच्या नळीत अडकते. बोल्टचं भोक वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या पोकळीत, उघडत असेल तर बोल्टच्या आट्यांनाही सीलंट लावा, नाहीतर पाणी आट्यांतून वर चढतं आणि पॅकिंगला दोष जातो. आवळताना आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. अ‍ॅल्युमिनियममध्ये 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 8 ते 10 न्यूटन मीटर आणि 8 मिलिमीटरच्याला 20 च्या आसपास पुरतात. लांब पान्यानं ‘अजून एक घुटका’ मारायची सवयच कान वाकवते. सिलिकॉन असेल तर पाणी भरायच्या आधी डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. बहुधा तो 24 तासांचा असतो.

हातासरशी थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि गरम करा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास, जुन्या डिझेलमध्ये बहुधा 82, तो उघडला पाहिजे. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ म्हणून तो काढून फेकणारे मेस्त्री अजून आहेत. इंजिन गार चालतं, डिझेल जास्त पितं, आणि काही इंजिनांत तर बायपासचा रस्ता उघडाच राहिल्यानं चढाला उलट जास्त तापतं.

होज, पंप, डमी

होजबद्दल थोडक्यात. दाबून पाहा, कडक कुरकुरीत किंवा तेल पिऊन लिबलिबीत झाला असेल तर बदला. नवा चढवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी किंवा कूलंटच लावा. ज्या नळीवर होज बसतो तिच्यावरचे गंजाचे फोड घासून काढल्याशिवाय नवा होजही गळेल. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागं बसली पाहिजे, त्याच्यावर नाही. आणि रबर क्लिपच्या खाचांतून बाहेर येईपर्यंत आवळू नका.

पंप बदलताना फेसचे सगळे नियम वरचेच. पट्टा अंगठ्यानं दाबल्यावर 10 ते 12 मिलिमीटर दबावा. फार ताणलेला पट्टा नव्या पंपाचं बेअरिंग खातो.

डमी काढायची एक रीत आहे. तिच्या मधोमध ठोकू नका, ती आत जॅकेटमध्ये पडेल. एका कडेवर पंच ठेवून ठोका. ती कड आत आणि समोरची कड बाहेर अशी डमी आडवी फिरते, मग पकडीनं धरून ओढायची. भोक पॉलिश पेपरनं साफ करा, व्हर्नियरनं भोकाचा व्यास मोजा आणि त्याच मापाची डमी आणा, शक्यतो पितळी. पैसे थोडे जास्त जातात, पण ती गंजत नाही. कडेला सीलंटचा पातळ थर, डमीच्या आतल्या मापाचा सॉकेट ठेवून सरळ ठोके, आणि कड भोकाच्या उताराच्या जरा आत गेली की थांबायचं. एक डमी सडली असेल तर बाकीच्यांचं वयही तेवढंच आहे. हात पोचतील तेवढ्या सगळ्या बदला.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर झाळता येतो आणि रॉडिंग करून (नळ्यांतून सळई फिरवून) आतून साफही होतो. तो असेल तर भंगारात घालू नका. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असलेल्याला मात्र अराल्डाइट लावणं म्हणजे पुढच्या घाटापर्यंतची सोय.

हेड उतरवावंच लागलं तर

हे काम घरी करण्यासारखं आहे की नाही हे आपल्या अनुभवावर ठरवा. पण मेस्त्रीकडं दिलं तरी तीन गोष्टींचा आग्रह धरा. हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) टाकण्यापूर्वी गरम पाण्यात दाब देऊन चीर तपासून घ्यायची. चीर असलेल्या हेडला फेसिंग करून काही मिळत नाही. फेसिंग गरजेपुरतंच, डिझेलमध्ये हेडची जाडी आणि व्हॉल्व्ह किती आत बसतात याला मर्यादा असते. आणि पॅकिंग आणताना जुन्याच्या कडेवरच्या खाचा किंवा भोकं मोजून घ्यायची. बऱ्याच डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यानुसार पॅकिंगची जाडी बदलते आणि त्या खाचा ती जाडी सांगतात.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करायला विसरू नका. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच तडकू शकतो. शिवाय टॉर्क पाना खोटा बोलतो: पॅकिंग दाबलं गेलेलं नसतं, पाना मात्र ‘झालं’ म्हणून वाजतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं.

भरणं, हवा काढणं, चाचणी

नळाचं किंवा बोअरचं पाणी भरू नका. शिरोळकडच्या क्षारपड रानातल्या बोअरचं पाणी तर गाडीला विषच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. हिरवं आणि लाल-नारिंगी एकत्र करू नका. वेगळ्या रसायनांची काही कूलंट मिसळल्यावर घट्ट गाळ धरतात. रंगावरून जात नेहमीच ओळखता येत नाही, म्हणून जुनं काय होतं माहीत नसेल तर पूर्ण धुऊन एकाच जातीचं भरा.

गाडीचं तोंड चढाकडं करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येईल. हीटरचा खटका गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून हळूहळू भरा. वरचा होज दाबत राहा, बुडबुडे येत राहतील. कॅप न लावता इंजिन सुरू करा. पाणी वर यायला लागलं की कॅप लावा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज अचानक गरम होतो. मग पंखा एकदा फिरेपर्यंत थांबायचं, बंद करायचं, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा भरायचं. राहिलेली हवा हेडमध्ये अडकली तर काटा उगाच वर जातो आणि लोक पुन्हा पॅकिंगवर संशय घ्यायला लागतात.

आता पुन्हा प्रेशर टेस्टर लावा. अर्धा तास काटा हलला नाही तरच रस्त्यावर. आधी गावात एक फेरी, मग पन्हाळा. अंतर वीसेक किलोमीटर, शेवटी बऱ्यापैकी चढ, आणि काही झालंच तर परतीला उतार. वर पोचल्यावर इंजिन बंद करून लगेच बॉनेट उघडा. पाणी फिरणं थांबल्यावर काही मिनिटं इंजिनातली उष्णता पाण्यात उतरत राहते आणि दाब सगळ्यात जास्त असतो. कच्चा जोड याच वेळी ओला होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन गार असताना, बाटलीवरची रेघ बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी बोटभर उतरली तर ती अडकलेली हवा निघाल्यामुळं. तेवढं भरून टाका. त्यानंतरही उतरत राहिली तर होजच्या क्लिपा गार इंजिनावर एकदा तपासा आणि परत दाबाच्या चाचणीकडं जा, नवीन सामान आणायला नाही.

आठवड्यानं काट्याला आणि रेघेला काही झालं नाही, तर करूळ उतरून वैभववाडीत चहा घ्या आणि दुपारच्या उन्हात परत वर चढा. येताना डिकीत पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, एक जादा पट्टा आणि दोन क्लिपा असू द्या.